आनंदाचा तास आणि अस्तित्ववाद : दिल्लीतील शालेय प्रयोगाची एक चिकित्सा



शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : अस्तित्ववादाचे शैक्षणिक फलितार्थ स्पष्ट करा. त्याचे उत्तरही ठरलेले असते. उद्दिष्टे, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शिक्षकाची भूमिका, शिस्त, गुण आणि मर्यादा असे सात मथळे आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळी. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद यांच्यासाठीही हेच सात मथळे चालतात, फक्त आतला मजकूर बदलतो. असे उत्तर लिहून गुण मिळतात, ते लिहू नका असे मी म्हणणार नाही. पण हे तत्त्वज्ञान नेमक्या याच गोष्टीविरुद्ध उभे राहिले होते, एवढे तरी ते लिहिताना ध्यानात असू द्या. जिवंत माणसाला आधीच तयार असलेल्या खणात बसवायचे आणि मग त्याला समजून घेतले असे मानायचे, याला किर्केगॉरपासून सार्त्रपर्यंत प्रत्येकाने हरकत घेतली आहे.

दुसरी गोष्ट अशी की ते सात मथळे या तत्त्वज्ञांचे नाहीतच. हायडेगर, सार्त्र किंवा काम्यू यांनी शालेय अभ्यासक्रमावर एकही स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला नाही. त्यांच्या विचारांतून शिक्षणासाठी काय निघते याची मांडणी पुढे मुख्यतः अमेरिकेतील प्राध्यापकांनी केली. जॉर्ज नेलर यांचे ‘एक्झिस्टेन्शियॅलिझम अँड एज्युकेशन’ १९५८ मध्ये आले, व्हॅन क्लीव्ह मॉरिस यांचे ‘एक्झिस्टेन्शियॅलिझम इन एज्युकेशन’ १९६६ मध्ये. आपल्याकडच्या बी.एड.च्या मार्गदर्शकांत जे झिरपले ते बहुतेक अशा पुस्तकांतून, आणि झिरपताना त्याचा बराचसा जीव गेला.

म्हणून या पाठात आपण उलट्या बाजूने जाऊ. अस्तित्ववादातून अभ्यासक्रम काढण्याऐवजी प्रत्यक्ष राबवलेला एक अभ्यासक्रम समोर ठेवू आणि अस्तित्ववादाने त्याच्याकडे पाहू. हा अभ्यासक्रम दिल्लीच्या सरकारी शाळांतला होता. त्याचे नाव ‘हॅपिनेस करिक्युलम’, म्हणजे आनंदाचा अभ्यासक्रम.

सार्त्र यांच्याकडे आलेला विद्यार्थी

त्याआधी तत्त्वज्ञानाचा लागेल तेवढा भाग पाहू. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये झां-पॉल सार्त्र यांनी एक जाहीर व्याख्यान दिले. महायुद्ध नुकतेच संपले होते. हे व्याख्यान पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले आणि अस्तित्ववादाची ओळख म्हणून जगभर वाचले गेले. त्यातला मुख्य विचार थोडक्यात असा : कारागीर चाकू घडवतो तेव्हा चाकू कशासाठी हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. माणसाचे तसे नाही. माणूस आधी असतो, जगात येऊन पडतो, आणि आपण कोण हे त्याच्या निवडींतून नंतर ठरत जाते. त्यामुळे ‘माझा स्वभावच असा’, ‘माझ्या नशिबात हेच होते’, ‘मला वरून सांगितले म्हणून केले’ ही उत्तरे सार्त्र मान्य करीत नाहीत. निवड नाकारणे हीसुद्धा निवडच असते. आपण मोकळे आहोत हे माहीत असून ते स्वतःपासून लपवणे याला ते आत्मवंचना म्हणतात.

याच व्याख्यानात सार्त्र एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतात. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने सगळ्या व्याख्यानात मला तीच सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच आपल्या मार्गदर्शकांत सहसा नसते. जर्मनांनी फ्रान्स व्यापला होता तेव्हाची गोष्ट. या मुलाचा मोठा भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेला होता. वडील शत्रूशी जुळवून घेण्याच्या मताचे होते आणि आईशी त्यांचे पटत नव्हते. आईला या मुलाशिवाय कोणी उरले नव्हते. मुलापुढे दोन वाटा होत्या. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सेनेत भरती व्हायचे, किंवा आईजवळ राहून तिला जगवायचे. तो आपल्या शिक्षकाकडे, म्हणजे सार्त्र यांच्याकडे विचारायला आला.

सार्त्र यांनी त्याला उत्तर दिले नाही. धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर, पण यातला शेजारी कोण, आई की सैनिक? कांटचे नीतिशास्त्र सांगते कोणालाही साधन मानू नकोस, पण एकाला साध्य मानले की दुसरा साधन होणारच. मनाचा कौल घ्यावा, तर आईवरचे प्रेम किती खोल हे तिच्याजवळ राहिल्यानंतरच कळणार. सल्ला कोणाचा घ्यायचा हे ठरवतानाच आपण उत्तर निवडलेले असते, कारण कोण काय सांगेल याचा अंदाज आपल्याला असतो. शेवटी सार्त्र यांनी त्याला जे सांगितले त्याचा आशय एवढाच : तू मोकळा आहेस, तूच ठरव.

हा शिक्षक कठोर वाटतो का? मला वाटतो. त्याबद्दल पुढे बोलू. आत्ता एवढेच लक्षात ठेवा की या प्रसंगात विद्यार्थ्याची अस्वस्थता हा आजार नाही. तो मुलगा व्याकुळ आहे, कारण त्याच्यावर खरोखरच काहीतरी अवलंबून आहे. किर्केगॉरने शंभर वर्षे आधी हेच लिहिले होते. भीतीला समोर काहीतरी असते, कुत्रा, साप, परीक्षा. व्याकुळतेला समोर काही नसते, असते ती फक्त आपल्या हाती असलेली शक्यता.

दिल्लीतला आनंदाचा तास

आता दिल्लीकडे येऊ. २ जुलै २०१८ रोजी त्यागराज स्टेडियममध्ये दलाई लामा यांच्या उपस्थितीत दिल्ली सरकारने हा अभ्यासक्रम सुरू केला. त्या वेळी मनीष सिसोदिया उपमुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री होते. सुमारे एक हजार सरकारी शाळा, शिशुवर्गापासून आठवीपर्यंतचे वर्ग आणि रोज पंचेचाळीस मिनिटांचा एक तास असा तो आराखडा होता. मुलांच्या हाती पाठ्यपुस्तक नव्हते, शिक्षकांसाठी मात्र मार्गदर्शिका होती. काही मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष देणे, मग गोष्ट किंवा कृती, त्यावर चर्चा, आणि आठवड्यातून एकदा मुलांनी स्वतःचे अनुभव सांगणे असा क्रम. परीक्षा नव्हती.

यामागे एक तत्त्वज्ञान होते, आणि त्याच्या नावातच आपल्यासाठी गंमत आहे. अमरकंटकचे ए. नागराज यांनी मांडलेल्या ‘मध्यस्थ दर्शना’चा आधार या अभ्यासक्रमाने घेतला, आणि त्या दर्शनाचे दुसरे नाव ‘सह-अस्तित्ववाद’ असे आहे. नाव ऐकून फसू नका. उत्तरपत्रिकेत या दोन वादांची गल्लत होण्याची शक्यता चांगलीच आहे. नागराज यांच्या मते अस्तित्व ही एक सुव्यवस्था आहे, तिच्यात सगळे एकमेकांशी जोडलेले आहे, आणि ती व्यवस्था समजून घेतली की माणूस समाधानी होतो. सार्त्र यांच्या मते अशी आधीच रचून ठेवलेली व्यवस्था कुठेच नाही. दोन्ही ठिकाणी ‘अस्तित्व’ हा शब्द आहे, पण एक म्हणतो अर्थ तिथे आहे, तो ओळख; दुसरा म्हणतो अर्थ तिथे नाही, तो तुलाच आणावा लागेल.

या अभ्यासक्रमात आनंदाच्या तीन पातळ्या मानल्या होत्या. इंद्रियांनी मिळणारा सुखाचा क्षण खालची पातळी. नात्यांतल्या भावांतून येणारा आनंद त्याहून खोल. आणि समज व जाणीव यांतून येणारा आनंद सर्वांत टिकाऊ.

अस्तित्ववादी वाचक याला काय म्हणेल? आधी दाद देईल, आणि ती मनापासून. गुणांशिवाय एक तास, पुस्तकाशिवाय एक तास, ज्यात शिक्षक मुलाला ‘तुला काय वाटले’ असे विचारतो आणि थांबतो, ही आपल्या सरकारी शाळेतली लहान गोष्ट नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ज्या मुलीचे नाव वर्षभर फक्त हजेरीच्या वेळी उच्चारले जाते, तिला आठवड्यातून एकदा स्वतःबद्दल एक वाक्य बोलता येणे हे मार्टिन बूबर यांच्या भाषेत ‘मी-ते’ कडून ‘मी-तू’ कडे टाकलेले पाऊल आहे. बूबर यांचे त्या नावाचे पुस्तक १९२३ चे. समोरच्याला वापरण्याची किंवा मोजण्याची वस्तू मानणे हे एक नाते, आणि समोरच्याकडे पूर्णपणे वळून त्याला भेटणे हे दुसरे. आपली शाळा दिवसभर पहिल्या नात्यात चालते. या प्रयोगाने दुसऱ्या नात्यासाठी वेळापत्रकात जागा केली.

मग त्याची हरकत सुरू होते, आणि ती ‘आनंद’ या शब्दापासूनच. शिडीची सर्वांत वरची पायरी आधीच ठरलेली असेल, तर मुलाचे काम तिथे पोहोचणे एवढेच उरते. तिसरीतल्या मुलाला चॉकलेट खाण्यातला आनंद क्षणिक आणि समजेचा आनंद टिकाऊ असे शिकवले, की तो हेच उत्तर देऊ लागतो. मुले शिक्षकाला काय ऐकायचे आहे हे फार लवकर ओळखतात. गुण नसले तरी शाबासकी असते, आणि शाबासकी हेही गुणच. मूल स्वतःला जाणवलेले सांगते आहे की अपेक्षित भाव सादर करते आहे, हे बाहेरून ओळखण्याचा उपाय नाही. अस्तित्ववाद ज्याला अस्सलपणा म्हणतो तो तासिकेत मागवला की नेमका तोच निसटतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याने मुलाचा ताण कमी होतो, हे खरे असू शकते. पण कोणता ताण? घरी बाप दारू पिऊन मारतो त्याचा? भाडे थकल्याने पुढच्या महिन्यात झोपडी बदलायची आहे त्याचा? की नववीचा? अस्वस्थता ही मनातली धूळ आहे आणि ती झटकून वर्ग स्वच्छ करायचा आहे असे मानले, तर अस्वस्थता कशाबद्दल काही सांगते आहे का, हे विचारायचे राहून जाते.

२५ फेब्रुवारी २०२०

ही हरकत हवेतली नाही. २५ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मेलानिया ट्रम्प यांनी दक्षिण दिल्लीतील नानकपुरा येथील सर्वोदय विद्यालयात हा आनंदाचा तास पाहिला. मुलांनी टिळा लावून स्वागत केले, छायाचित्रे जगभर गेली. त्याच दिवशी त्याच शहराच्या ईशान्य भागात दंगल पेटलेली होती. जाफराबाद, मौजपूर, शिवविहार, खजुरी खास या वस्त्यांत घरे आणि दुकाने जळत होती. त्या जिल्ह्यातल्या शाळा बंद होत्या आणि दहावी-बारावीच्या परीक्षा तिथे पुढे ढकलाव्या लागल्या. त्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली.

नानकपुऱ्याच्या शिक्षकांचा यात दोष नाही, पाहुणीचाही नाही. प्रश्न अभ्यासक्रमाला आहे. काही आठवड्यांनी खजुरी खासची मुले शाळेत परत आली असती (मार्चमध्ये टाळेबंदी आली, तो भाग वेगळा) तर आनंदाच्या तासात त्यांनी काय सांगायचे होते? ज्याच्या मामाचे दुकान जळले आणि ज्याच्या शेजाऱ्याने जाळले, ती दोन मुले एका बाकावर बसतात. तिथे व्याकुळता ही धूळ नसते. ती त्या दोघांनी एकमेकांबद्दल घ्यायच्या निर्णयाची चाहूल असते : याच्याशी बोलायचे की नाही. सह-अस्तित्वाची सुव्यवस्था मुळातच आहे असे त्यांना सांगणे सोपे आहे. ती मोडलेली आहे आणि पुन्हा उभी करायची की नाही हे तुमच्या हाती आहे, असे सांगायला अस्तित्ववाद लागतो.

निष्ठा, प्रतिभा, विश्वास

आनंदाचा तास आठवीला संपत असे. नववीत काय होत असे?

शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरले होते. परिणाम असा की पहिली मोठी गाळणी नववीत लागली. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१५-१६ च्या सुमारास नववीची निम्म्याच्या आसपास मुले नापास होत होती. त्यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये ‘चुनौती’ नावाची योजना आली. मुलांची वाचनाची आणि गणिताची पातळी तपासून त्यांचे गट पाडले गेले. पुस्तक वाचता येणारी मुले ‘प्रतिभा’ गटात, न येणारी ‘निष्ठा’ गटात. नववीत पुन्हा पुन्हा नापास झालेल्यांसाठी ‘विश्वास’ गट; त्यांना पत्राचार विद्यालयामार्फत दहावीची परीक्षा द्यायची होती.

अध्यापनाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला नववीचे विज्ञान शिकवत राहणे हा शुद्ध देखावा आहे. पातळीप्रमाणे शिकवल्याने मुले वाचायला शिकतात. पण नावे पाहा. सरकारने ती सौम्य ठेवली; कोणाला ‘कच्चा’ म्हटले नाही. तरीही पहिल्या आठवड्यातच सगळ्या शाळेला कळते की ‘निष्ठा’ म्हणजे कोण. आणि ‘विश्वास’? ज्या मुलावरचा विश्वास व्यवस्थेने काढून घेतला, त्याच्याच गटाचे हे नाव.

सार्त्र यांनी १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात एका कॅफेतल्या वेटरचे उदाहरण दिले आहे. तो वेटर इतका नेमका, इतका चपळ वागतो की जणू शाईची दौत दौत असते तसा तो वेटरच आहे. तो वेटरपणाचा खेळ खेळतो आणि आपण त्याहून अधिक काही होऊ शकतो हे विसरतो. आपल्या मार्गदर्शकांत हे उदाहरण आत्मवंचनेखाली येते आणि दोष वेटरच्या माथी जातो. पण वेटरला वेटर करणारे गिऱ्हाईकही असते. ते त्याच्याकडून दुसरे काही खपवून घेत नाही. ‘निष्ठा’ गटातला मुलगा ‘निष्ठा’चा होतो तो एकटा नाही, वेळापत्रक, वेगळा वर्ग, शिक्षकाची नजर हे सगळे मिळून त्याला तसा करतात. आधी माणूस आणि मग त्याची व्याख्या, हा सार्त्र यांचा क्रम शाळा उलटा करते.

म्हणून एकाच इमारतीतल्या या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. आठवीपर्यंत मुलाला रोज विचारले जात असे की तुला काय वाटते. नववीच्या पहिल्या आठवड्यात एक चाचणी घेऊन त्याला सांगितले जात असे की तू कोण आहेस. पहिल्या प्रश्नाने दुसऱ्या उत्तराला कुठेच हात लावलेला नसे. माझ्या मते आनंदाच्या अभ्यासक्रमाची खरी मर्यादा ध्यानात किंवा गोष्टींत नाही, ती इथे आहे : मुलाचे भवितव्य जिथे ठरते त्या जागेपासून तो तास दूर ठेवलेला होता.

मराठी वाचकाला इथे भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची ‘कोसला’ आठवावी. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, खाणावळ, मित्र, गॅदरिंग यांत बापाचे पैसे संपवतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि गावी परततो. आपल्या टीकाकारांनी या कादंबरीला अस्तित्ववादी म्हटले, त्यावर पुष्कळ वाद झाले. मला त्या शिक्क्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पांडुरंगाला सगळे जण सांगतात तो काय आहे : बाप, प्राध्यापक, मित्र. नापासाचा शेराही सांगतो. कादंबरीभर तो त्यातले एकही उत्तर स्वतःचे म्हणून घेत नाही आणि त्याला स्वतःचे उत्तरही सापडत नाही. ‘विश्वास’ गटातल्या मुलाला अशी सोय नव्हती. त्याच्याजवळ परत जायला सांगवीतला वाडा नव्हता.

निवड कोणाला असते

यावरून अस्तित्ववादावरचा जुना आक्षेप समोर येतो, आणि तो टाळून चालणार नाही. सार्त्र म्हणतात माणूस मोकळा आहे. पण दिल्लीच्या कित्येक सरकारी शाळांत अकरावीला विज्ञान शाखाच नाही. दहावी झालेल्या मुलीला विज्ञान घ्यायचे असेल तर दोन बस बदलून दुसरी शाळा गाठावी लागते, आणि घरातून तेवढी परवानगी मिळत नाही. मग ती कला शाखा घेते. तिने निवड केली असे म्हणायचे का? ‘तू मोकळी आहेस, तूच ठरव’ हे वाक्य तिला ऐकवणे क्रूर आहे.

सिमोन द बोव्हुआर यांना हे सार्त्रपेक्षा आधी आणि स्पष्ट दिसले असे मला वाटते. १९४७ मध्ये त्यांनी अस्तित्ववादी नीतीवर पुस्तक लिहिले आणि १९४९ मध्ये स्त्रियांवरचा मोठा ग्रंथ. त्यांचा मुद्दा असा की काही परिस्थिती माणसाला निवडीच्या उंबरठ्यापर्यंतही येऊ देत नाहीत, आणि म्हणून माझे स्वातंत्र्य मला खरोखर हवे असेल तर दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी जागा करणे माझ्यावर येते. सार्त्रही १९६० च्या आपल्या ग्रंथात टंचाई, वर्ग आणि समूह यांच्याकडे वळले. तेव्हा ‘अस्तित्ववाद फक्त व्यक्तिवादी आहे’ ही मर्यादा उत्तरपत्रिकेत लिहाल तर हे दुसरे पानही लिहा. त्या मुलीच्या बाबतीत अस्तित्ववादी शिक्षकाचे पहिले काम तिला निवडीचे स्वातंत्र्य समजावून सांगणे हे नाही. शाळेत विज्ञान शाखा सुरू व्हावी म्हणून अर्ज करणे, पालकांना भेटणे, बसच्या पासाची सोय बघणे हे आहे. अर्ज करावा की नाही हा मात्र त्या शिक्षकाच्या स्वतःच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि ‘माझ्या हातात काही नाही’ असे तो म्हणेल तेव्हा सार्त्र त्याला सोडणार नाहीत.

आता सार्त्र यांच्या कठोरपणाकडे परत येऊ. ‘अस्तित्ववादात शिक्षक मार्गदर्शन करीत नाही’ असे वाक्य तुम्ही वाचले असेल. ते अर्धेच खरे आहे. सार्त्र यांच्याकडे आलेला विद्यार्थी तरुण होता, दोन्ही वाटा त्याच्यापुढे खुल्या होत्या. आल्बेर काम्यू यांची गोष्ट वेगळी. (काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नसत, पण अभ्यासक्रम त्यांना त्या गटात ठेवतो.) त्यांचे वडील १९१४ मध्ये युद्धात मेले. आई जवळजवळ बहिरी, घरोघरी साफसफाई करणारी. अल्जिअर्समधल्या त्या घरात आजीचा शब्द चालत होता, आणि आजीला नातवाने प्राथमिक शाळेनंतर कामाला लागायला हवे होते. लुई जेर्मेन या शिक्षकाने मुलाला फुकट जादा शिकवले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले आणि घरी जाऊन आजीचे मन वळवले. १९५७ मध्ये नोबेल मिळाल्यावर काम्यू यांनी जेर्मेन यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले, आणि त्या पारितोषिकाच्या वेळची भाषणे पुस्तकरूपात आली तेव्हा ती जेर्मेन यांना अर्पण केली.

जेर्मेन यांनी ‘तूच ठरव’ म्हटले नाही. दहा वर्षांच्या मुलापुढे ठरवण्यासारखे काही उरावे म्हणून त्यांनी आधी दार उघडून धरले. बूबर यांनी १९२५ मध्ये हायडेलबर्ग येथे शिक्षणावर दिलेल्या भाषणात शिक्षकाने एकाच वेळी दोन्ही बाजूंनी उभे राहण्याची कल्पना मांडली : स्वतःच्या बाजूने आणि शिकणाऱ्याच्या बाजूनेही. कोणत्या मुलाला मोकळे सोडायचे आणि कोणासाठी दार धरून ठेवायचे, हे कोणतीही मार्गदर्शिका सांगत नाही. त्यासाठी शिक्षकाला ते मूल ठाऊक असावे लागते. पन्नासच्या वर्गात ते कसे ठाऊक व्हायचे, हा अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे, आणि तोही शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातच मोडतो.

तुमचा स्वतःचा तास

हे सगळे शाळेतल्या मुलांबद्दल झाले. पण वाचक तुम्ही आहात, पदवीचे विद्यार्थी, आणि तुमच्यासाठीही अशीच एक तजवीज झालेली आहे.

२०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत काही विषयांसाठी प्रवेशाची पहिली रेषा शंभर टक्क्यांवर गेली होती. पुढच्या वर्षी सामाईक प्रवेश परीक्षा आली. आता तुम्ही संगणकावर पसंतीक्रम भरता, पन्नास-साठ पर्याय, आणि यंत्रणा त्यातला एक तुम्हाला देते. नव्या चार वर्षांच्या आराखड्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्ये, मूल्यवर्धन असे निवडीचे रकाने आहेत. ‘निवड’ हा शब्द इतक्या वेळा येतो की अस्तित्ववादच अमलात आला असे वाटावे. पण पसंतीक्रम भरणे आणि निवडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत चूक झाली तर यंत्रणेला दोष देता येतो; दुसरीत तो देता येत नाही. तुमचा मुख्य विषय तुम्ही यांपैकी कोणत्या क्रियेने घेतलात हे फक्त तुम्हालाच माहीत आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या मूल्यवर्धन अभ्यासक्रमांच्या यादीत ‘द आर्ट ऑफ बीइंग हॅपी’ नावाचाही एक विषय आहे. दोन श्रेयांकांचा. शाळेतल्या आनंदाच्या तासाला परीक्षा नव्हती, ही त्याची सर्वांत चांगली बाजू होती. इथे आनंदी राहण्याच्या कलेला गुण आहेत. त्यात नापास होता येते.

तुम्ही हा विषय घेतला असेल, किंवा घेणार असाल, तर त्याच्या उत्तरपत्रिकेत काय लिहायचे ते शिक्षक सांगतीलच. ते लिहून झाल्यावर शेवटचे पान कोरे असेल, तर त्यावर स्वतःपुरते एवढे लिहून पाहा : या सत्रात कशाने अस्वस्थ झालो, आणि ते कोणाला सांगितले. ते पान पुरवणीला जोडू नका.